आधी पाणी, मग तेल

बॉस्टन बंदरालगतची मळीची ती टाकी ५० फूट उंच होती आणि ९० फूट रुंद. १९१५ च्या डिसेंबरात ती बांधून झाली. कुठे गळते का हे बघायला तिच्यात पाणी सोडण्यात आलं, ते किती, तर सहा इंच. मळी घेऊन येणारं जहाज वाटेवर होतं, टाकीभर पाण्याला पैसा आणि वेळ दोन्ही लागणार होते, आणि कामावर देखरेख करणारे आर्थर जेल हे होते कंपनीचे खजिनदार. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता. ज्याला येतो अशा इंजिनिअरला विचारावं, असंही त्यांना वाटलं नाही.

आपल्याकडे कुंभारवाड्यातून माठ आणणारी बाई याहून कसून तपासणी करते. बोटांच्या पेरांनी चहूबाजूंनी ठोकून बघते. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर माठ परत. घरी आणल्यावर काठोकाठ भरते आणि रात्रभर तसाच ठेवून देते. माठ पाझरणारच, पण पाझरणं वेगळं आणि गळणं वेगळं हे तिला कळतं. तळाशी पेलाभर पाणी घालून माठ पास करणारी गृहिणी अजून जन्माला यायची आहे.

बॉस्टनची टाकी भरायला लागली तशी गळायलाही लागली. आसपासच्या वस्तीतली पोरं डबे लावून मळी घरी नेत. कंपनीने त्यावर उपाय काढला: टाकीला तपकिरी रंग दिला, म्हणजे ओघळ दिसायला नकोत. १५ जानेवारी १९१९ रोजी दुपारी पत्रा फाटला आणि सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यांतून धावत सुटली. २१ माणसं गेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. कंपनी म्हणाली, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला होता. दावा कित्येक वर्षं चालला आणि शेवटी दोष कंपनीच्याच पदरी आला. पत्रा हवा होता त्याहून पातळ निघाला. पुढे बॉस्टनमध्ये बांधकामाचे नकाशे आणि हिशेब जाणकाराच्या सहीने सरकारदरबारी दाखल करणं सक्तीचं झालं. मळी हे काही इंधन नव्हे, युद्धासाठी लागणारं अल्कोहोल तिच्यापासून काढत. तरी जमिनीवरच्या टाक्यांचा इतिहास सांगणारा कुणीही या टाकीला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

तेलाच्या बाबतीत ही पाण्याची परीक्षा अधिक चोख ठरते, कारण तेल पाण्याहून हलकं. लिटरभर पाणी एक किलो भरतं, तेवढंच डिझेल साडेआठशे ग्रॅमच्या आतबाहेर, पेट्रोल तर पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे पाण्याने गच्च भरलेली टाकी उभी राहिली, तर तेलाचा याहून जास्त भार तिच्या पत्र्यावर जन्मात येणार नाही. मळीचं उलटं आहे, ती पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. तिथे काठोकाठ पाणी भरलं असतं तरी परीक्षा अपुरीच पडली असती. पण निदान गळती तरी तेव्हाच दिसली असती. मराठीत माणसाचं पाणी जोखतात, टाकीवाले पाण्याने टाकी जोखतात.

मोठ्या टाक्या लागतात त्या मोठ्या प्रमाणावर तेल येऊ लागल्यावर. हिंदुस्थानात ते आधी आलं डब्यांतून. अमेरिकन रॉकेलचे दोन-दोन चौकोनी डबे एकेका लाकडी खोक्यात बंद होऊन येत. तेल संपलं की डबा उरे, आणि खरी चैन तीच होती. त्यात धान्य राही, पाणी भरता येई, कापून सपाट केला की छपराचं भोक बुजे. घासलेटचा डबा हे नाव मुंबईच्या चाळींत तेलापेक्षा नळाच्या रांगेतच जास्त वेळा उच्चारलं गेलं असेल.

ही डब्यांची व्यवस्था मोडायला निघाले लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल, ज्यांच्या उद्योगातून पुढे ‘शेल’ कंपनी उभी राहिली. पोटात सुटं तेल भरून नेणारं ‘म्युरेक्स’ हे त्यांचं जहाज ऑगस्ट १८९२ मध्ये बाटुमचं रशियन रॉकेल घेऊन सुएझ कालव्यातून पार झालं. कालव्यातून तेलवाहू जहाज न्यायचं तर कालवा कंपनीच्या सुरक्षेच्या अटी पुऱ्या कराव्या लागत. जहाजाचा आराखडाच त्या हिशेबाने केलेला होता. सुटं तेल उतरवून घ्यायला पूर्वेकडच्या बंदरांत टाक्या उभ्या राहिल्या. तेल स्वस्त झालं. आणि गिऱ्हाईक फिरकेना! लोकांना तेलाबरोबर डबाही हवा होता. शेवटी सॅम्युअल यांना पत्रा मागवून जागच्या जागी लाल रंगाचे डबे करवून घ्यावे लागले. टाकी आली तरी डबा सुटला नाही.

या तेलाला कायद्याने वेसण घातली ती तापमानाच्या एका आकड्याने. सर फ्रेडरिक एबल हे ब्रिटिश सरकारचे रसायनतज्ज्ञ. बिनधुराची कॉर्डाइट दारू शोधणाऱ्या जोडीतले एक. त्यांनी तेल तपासायला एक छोटं उपकरण बनवलं. झाकणाच्या पेल्यात तेल घ्यायचं, पेला पाण्याच्या भांड्यात बसवून हळूहळू तापवायचा, आणि ठरावीक अंशागणिक झाकणाची खिडकी उघडून आत इवलीशी ज्योत दाखवायची. ज्या तापमानाला वाफ भपकन पेट घेईल तो त्या तेलाचा ज्वलनांक. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने ही पद्धत स्वीकारली आणि धोक्याची रेघ मारली ७३ अंश फॅरनहाइटवर. सेल्सिअसमध्ये मांडलं तर ते २३ च्या किंचित खाली येतं. भारतात आज पेट्रोलियमचे अ, ब, क असे वर्ग आहेत आणि २३ अंशांच्या खाली पेटणारं ते अ वर्गात जातं. पेट्रोल त्यात बसतं. रॉकेल आणि डिझेल ब वर्गात. टाक्यांत अंतर किती ठेवायचं, कुंपण किती दूर घालायचं, अशा कितीतरी गोष्टी या वर्गांवर ठरतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका पेल्याची सावली आजच्या डेपोच्या नकाशावर पडलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही.

डेपोच्या या नकाशांवर परवानगीची मोहोर उठते ती एका जुन्या खात्याची. १८९८ मध्ये स्फोटकांची तपासणी करायला ते सुरू झालं, पुढे पेट्रोलियमही त्याच्याकडे आलं आणि आज ‘पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना’ या नावाने त्याचं मुख्यालय नागपुरात आहे. संत्र्यांच्या आणि ‘झिरो माइल’च्या गावाची ही ओळख फार जणांना नसते. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे नियम हा या खात्याच्या तेलाच्या कामाचा पाया. टाकी वापरात घेण्याआधी पाण्याच्या दाबाने तपासलीच पाहिजे, असं त्या नियमांत स्पष्ट आहे. त्यातली एक बारीक अट तर वाचणाऱ्याला थांबवते: तपासणीचं पाणी तेलविरहित हवं आणि ते एरवी तेल वाहणाऱ्या पाइपांतून किंवा पंपांतून आणू नये. पाण्याच्या परीक्षेच्या नावाखाली चोरपावलांनी तेल आत शिरू नये, एवढा विचार कुणीतरी बसून केलेला दिसतो.

मद्रासची हकिगत वेगळी. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बंदरासमोर येऊन बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि काही मिनिटांत लाखो गॅलन रॉकेल पेटवून दिलं. निशाण्यावर होत्या त्या किनाऱ्यावरच्या उंच टाक्या. टाकी हे दुरून दिसणारं निशाण असतं, हे त्या रात्री सगळ्या बंदरांना कळलं.

तोवर टाक्या रिव्हेट ठोकून बांधत. दोन पत्रे एकमेकांवर चढवायचे, भोकांतून लालबुंद रिव्हेट घालून ठोकायचे, मग फटी बुजवायच्या. मग वेल्डिंग आलं. काम झपाट्याने होऊ लागलं, गळती कमी झाली. पण रिव्हेटच्या टाकीत चीर पडली तर बहुधा त्या पत्र्याच्या कडेशी थांबे. वेल्ड केलेल्या टाकीत अख्खी भिंत एकसंध, चिरेला अडवणारी कडच नाही. थंडीत पोलाद ठिसूळ झालं की ती तळापासून माथ्यापर्यंत क्षणात धावते. १९५२ च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये फॉली इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दोन मोठ्या नव्या टाक्या अशाच फाटल्या, आणि दोन्ही पाण्याच्या परीक्षेत फाटल्या. वाहून गेलं ते पाणी. आगीचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर टाक्यांसाठी पोलाद निवडताना त्याची ताकद बघणं पुरेनासं झालं, थंडीतला चिवटपणाही बघितला जाऊ लागला. परीक्षेत नापास होणाऱ्यांनी अभ्यासक्रम बदलावा, तसंच हे.

पुढच्या दोन-तीन वर्षांत, १९५४ आणि १९५५ मध्ये, मुंबईत ट्रॉम्बे-माहुलकडे दोन शुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि खाडीकाठी चंदेरी टाक्यांची रांग उभी राहिली. देशात टाकी कशी बांधावी याचं भारतीय मानक ८०३ आलं; १९७६ ची त्याची सुधारित आवृत्ती टाकी बांधणाऱ्यांच्या हातात अनेक वर्षं राहिली.

पाण्याची परीक्षा, साइटवरच्या भाषेत ‘हायड्रो’, हे तसं कंटाळवाणं काम. आधी तळाच्या प्लेटींचे सांधे बघायचे. त्यांवर साबणाचं पाणी फासून वर काचेची पेटी दाबतात आणि पेटीतली हवा ओढून घेतात; बुडबुडा फुगला की तिथे भोक. भिंतीच्या सांध्यांना एका बाजूने खडूचा लेप देतात आणि दुसऱ्या बाजूने डिझेल फासतात. पाण्याला जिथे वाट मिळत नाही तिथूनही डिझेल शिरतं, आणि पांढऱ्या लेपावर केसाएवढी काळपट रेघ उमटली की वेल्डरला हाक जाते. मग पाणी सोडतात. पाव टाकी भरली की थांबायचं, अर्धी झाली की थांबायचं. दर टप्प्याला एक माणूस लेव्हलची दुर्बीण लावून टाकीच्या पायाभोवतीच्या खुणा वाचतो आणि वहीत आकडे लिहितो, कारण टाकीबरोबर जमिनीचीही परीक्षा चाललेली असते. सगळीकडून सारखी खचली तर चालतं, एकीकडेच खचली की गडबड. काठापर्यंत भरल्यावर किमान एक अख्खा दिवस ती तशीच ठेवायची. त्या दिवसात कुणाला काही करायचं नसतं. बघत राहायचं असतं, आणि घाईच्या कामात सगळ्यांत आधी कात्री लागते ती या बघत राहण्याला.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफला अशीच कात्री लागली. तिथे एका तेल कंपनीने चाळीस वर्षांची जुनी टाकी क्लीव्हलंडहून सुटी करून आणली आणि नदीकाठी पुन्हा जोडली. बांधकामाचा रीतसर परवाना नव्हता. टाकी ४८ फूट उंच, आणि तिच्यात तपासणीला पाणी भरलं पाच फूट. बॉस्टनच्या सहा इंचांना सत्तर वर्षं होऊन गेली होती. तंत्र बदललं, कंपनी बदलली, पण पाण्याची कंजुषी तीच. २ जानेवारी १९८८ च्या कडाक्याच्या थंडीत टाकी पहिल्यांदाच जवळजवळ पूर्ण भरत आली असताना भिंत वरपासून खालपर्यंत उलगडली. जुन्या पत्र्यात वेल्डजवळ एक बारीकशी खोट होती, तिथून चीर निघाली होती. दीड कोटी लिटरच्या आसपास डिझेल एका लोटात बाहेर पडलं. भोवती बांध होता, पण लाट त्याच्या डोक्यावरून गेली, शेजारच्या आवारातल्या पावसाळी गटारात शिरली आणि पंचवीस-तीस लाख लिटर डिझेल मोनोंगाहेला नदीत उतरलं. नदीवर ज्यांचे नळ अवलंबून होते अशा लाखो लोकांचं पाणी तुटलं. पाच फुटांऐवजी ४८ फूट पाणी भरलं असतं तर चीर बहुधा तेव्हाच गेली असती आणि नदीत गेलं असतं ते स्वच्छ पाणी. अमेरिकेत जुन्या टाक्यांची तपासणी, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांसाठीचं वेगळं मानक १९९१ मध्ये निघालं. या टाकीने त्याला घाई लावली.

जमिनीची परीक्षा जपानने महाग किमतीत दिली. डिसेंबर १९७४ मध्ये मिझुशिमाच्या कारखान्यात एका अवाढव्य टाकीचा तळ फाटला. टाकीलगतच्या उभ्या शिडीला पाया हवा म्हणून बाजूची जमीन उकरली होती. तिथली माती पुन्हा पहिल्यासारखी दबली नाही आणि टाकीच्या कडेखालचा आधार कच्चा राहिला. तेलाच्या लोटाने शिडी उपटून फेकली, तिने बांध फोडला, आणि हजारो किलोलिटर जड तेल सेतोच्या आखाती समुद्रात पसरलं. समुद्रशेवाळ पिकवणाऱ्या कोळ्यांचा हंगाम बुडाला. शिडीसारखी क्षुल्लक वस्तू!

पण पाण्याने जे कळतं ते पत्र्याचं आणि मातीचं. टाकीवर काम करणाऱ्या माणसांचं त्याने काय कळणार?

इंग्लंडमध्ये बन्सफील्डच्या डेपोत ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे पेट्रोलची टाकी भरत होती. पातळी दाखवणारा काटा अडकून बसला होता, पडद्यावर आकडा हलत नव्हता. असं झालंच तर पुरवठा बंद करायला वेगळा आणीबाणीचा स्विच होता. त्याची चाचणी घेण्याचा दांडा जागेवर राहावा म्हणून त्याला एक छोटं कुलूप लावायचं असे; ते कुलूप नव्हतं. कुलूप फक्त कुणी खोडी करू नये म्हणून असतं, असा समज. स्विच मेलेला, काटा अडकलेला, आणि टाकीच्या माथ्यावरून पेट्रोलचा धबधबा. सकाळी सहाला वाफेच्या ढगाने पेट घेतला. चाळीसहून अधिक जखमी झाले. रविवार होता म्हणून कुणी मेलं नाही.

चार वर्षांनी, २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी, जयपूरला नशीब एवढं चांगलं नव्हतं. सीतापुऱ्याच्या डेपोत एका टाकीतून शेजारच्या डेपोकडे पेट्रोल पाठवायची तयारी चालली होती. पाइपात ‘हॅमर ब्लाइंड’ नावाचा व्हॉल्व्ह होता. त्याची आतली चकती फिरवताना त्याचं तोंड हवेला उघडं राहतं, म्हणून टाकीकडचा मोटरवरचा व्हॉल्व्ह त्या वेळी बंद हवाच. तो उघडा होता. पेट्रोलचं कारंजं उडालं. वाफेने गुदमरल्यामुळे माणसांना व्हॉल्व्हपर्यंत पोचता आलं नाही आणि लांबून तो बंद करायची सोय चालू नव्हती. बांधातलं पावसाचं पाणी काढायचा व्हॉल्व्ह उघडा, त्यामुळे तेल अडण्याऐवजी गटारांतून आवारभर पसरलं. सव्वा तास हे चाललं आणि मग स्फोट झाला. अकरा जण गेले. टाक्या एकामागून एक पेटल्या आणि शेवटी जळू द्यायचं ठरलं. आग अकरा दिवस चालली. १९८६ पासून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय देशात काम करत होतं, नियमांची पुस्तकं कपाटात होती. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कारणं शोधली, तेव्हा टाकीच्या पत्र्याबद्दल म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. पत्रा शाबूत होता. समितीने हॅमर ब्लाइंडची पद्धत सोडायला सांगितली, टाकीचे व्हॉल्व्ह लांबून बंद होतील अशी सोय मागितली, आणि त्यानंतर डेपोंची मानकं नव्याने लिहिली गेली.

मुंबईकरांना टाकी जळताना कशी दिसते हे ६ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी कळलं. घारापुरीला जाताना दिसणाऱ्या जवाहर द्वीपावर, जुन्या नावाने बुचर आयलंडवर, डिझेलच्या टाकीवर वीज पडली. आग काही दिवस धुमसत राहिली. बेट असल्यामुळे जवळ वस्ती नव्हती आणि चहूकडे समुद्राचं पाणी होतं. तरी एवढा वेळ लागला.

पाण्याच्या परीक्षेतली खरी अडचण पाण्याचीच आहे. एक कोटी लिटरची टाकी तपासायला एक कोटी लिटर पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे एक हजार टँकर. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, आणि मनमाडची ओळख नळाला दोन-दोन आठवडे पाणी न येणारं गाव अशी राहिली आहे. अशा जागी कंत्राटदाराला पाण्याचा हिशेब वेल्डिंगच्या रॉडइतकाच चोख ठेवावा लागतो. एका आवारात तीन-चार टाक्या उभ्या राहत असतील तर तेच पाणी पुढे पुढे सरकवतात: पहिली पास झाली की तिच्यातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. यातही एक फसवी पायरी असते. भरलेली टाकी जिंकल्याच्या थाटात उभी असते आणि कुणी तरी घाईने खालून पाणी ओढायला लागतं; वरून हवा शिरायची वाट बंद असली, एखाद्या व्हेंटवर पावसासाठी बांधलेलं प्लास्टिक राहिलं असलं, तर आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने नवी कोरी टाकी रिकाम्या डब्यासारखी चेपते. त्यामुळे पंप सुरू करण्याआधी एक माणूस गोल जिना चढून छपरावर जातो, व्हेंटवरचं प्लास्टिक सोडवतो, मॅनहोलचं झाकण बाजूला सरकवतो आणि वरूनच खाली हात करतो.